चेहऱ्याआधी केस बघा : नवा हेअरकट निवडताना

सलूनच्या खुर्चीत बसल्यावर मोबाइल पुढे करून "असाच करा" म्हणणं सगळ्यात सोपं. फोटोतला चेहरा देखणा असतो, उजेड त्याच्या सोयीने लावलेला असतो आणि फोटोआधी कुणीतरी त्या केसांवर अर्धा-पाऊण तास राबलेलं असतं. ते केस सकाळी उठल्यावर कसे दिसतात, हे मात्र फोटोत नसतं.

गोल चेहरा असेल तर हा कट, चौकोनी असेल तर तो, असे तक्ते इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. ते अगदीच चूक नसतात, पण त्यांचा क्रम उलटा असतो. तुमचे केस कसे आहेत, ते कुठल्या दिशेने उगवतात, रोज सकाळी त्यांच्यासाठी किती मिनिटं मिळतात हे आधी पाहायचं. चेहऱ्याचा आकार त्यानंतर. चेहऱ्याला शोभणारा पण केसांना न पेलणारा कट पहिल्या अंघोळीलाच रूप सोडतो. केसांना मानवणारा कट मात्र चेहऱ्यासाठी इंच-अर्धा इंच इकडेतिकडे करून घेता येतो. पार्लरमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी याच क्रमाने बघायला सांगते.

पायरी १ : केस ओळखा, तेही तेल न लावता

आपल्याकडे डोक्यावर तेल नाही असा दिवस शोधावा लागतो, हे खरं. तरी ही तपासणी शाम्पू करून, कंडिशनर न लावता, पंख्याखाली आपोआप वाळलेल्या केसांवरच करा. वाळताना कंगवा फिरवू नका, टॉवेलने खसाखसा पुसू नका. तेल आणि कंगवा दोन्ही केसांचा मूळ स्वभाव झाकतात.

बघायच्या गोष्टी तीन, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत.

पहिली, एकेका केसाची जाडी. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. बोटांना जेमतेम जाणवला तर बारीक, स्पष्ट लागला तर राठ.

दुसरी, दाटपणा. सगळे केस मागे घेऊन घट्ट पोनीटेल बांधा आणि रबरबँडच्या जागी शिवणकामाची टेप गुंडाळा. घेर साधारण पाच सेंटिमीटरच्या आत भरला तर केस विरळ समजा, दहाच्या वर गेला तर दाट, मधे असेल तर मध्यम. ज्यांचे केस आखूड आहेत त्यांनी ट्यूबलाइटच्या खाली आरशात बघावं : भांग न पाडताही टाळू दिसते का?

या दोन गोष्टींची लोक सर्रास गल्लत करतात. "माझे केस पातळ आहेत" हे एकच वाक्य दोघी बोलतात, पण एकीचे केस बारीक आणि भरपूर असतात, दुसरीचे जाड आणि मोजके. पहिलीला लेयर्स, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर, चालतात; वरचं ओझं कमी झालं की केस मुळापासून जरा उठतात. दुसरीला तेच लेयर्स दिले तर खाली चार शेपट्या उरतात. तिने एका रेषेत कापलेला, खांद्याच्या वर थांबणारा ब्लंट कट घ्यावा. सगळी टोकं एकाच ठिकाणी संपल्यामुळे कडा भरगच्च दिसते.

पुरुषांच्या बाबतीतही हेच. केस विरळ व्हायला लागले की पुष्कळ जण वरचे केस वाढवून त्यांनी जागा झाकायला जातात. लांब आणि विरळ केस एकमेकांना चिकटतात आणि मधली कातडी जास्तच दिसते. त्याऐवजी बाजू अगदी बारीक आणि वर दोन-अडीच सेंटिमीटरचा क्रॉप ठेवला, तर बाजूंच्या तुलनेत वरचा भाग दाट भासतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले असतील तर तो क्रॉप पुढे, कपाळाकडे विंचरावा.

तिसरी गोष्ट, वळण. हल्ली सलूनमध्ये "टू-बी", "थ्री-ए" असं जे कानावर पडतं ती वर्गवारी अमेरिकी टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या नावाने ओळखली जाते. १ म्हणजे सरळ, २ लहरी, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट वळणाचे. पुढचं अक्षर त्यातली कमी-जास्त पायरी सांगतं. आकडा पाठ करण्याची गरज नाही. मात्र एकाच डोक्यावर दोन प्रकार असू शकतात. मानेवर घट्ट कुरळे आणि वर नुसत्या लाटा, असं अनेकींचं असतं आणि कधी लक्षातच आलेलं नसतं, कारण जन्मभर वेणी घातलेली असते.

वळणाला एवढं महत्त्व का, तर हवेमुळे. केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातले काही बंध गंधकाचे, पक्के. ते तोडायला पर्मिंगची, म्हणजे केसांचं वळण कायमचं बदलण्याची, रसायनं लागतात. दुसरे हायड्रोजनचे, कच्चे. ते नुसत्या पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ब्लो-ड्रायरने केस सरळ होतात ते याच कच्च्या बंधांच्या भरवशावर. हवेत ओलावा भरपूर असला की तो केसात शिरतो, बंध पुन्हा मोडतात आणि केस मूळ वळणावर जातात. म्हणून जुलैत मुंबईला किंवा रत्नागिरीला ड्रायरने बसवलेले केस घराबाहेर पडताच फुगतात आणि तेच केस डिसेंबरात नागपूरला शहाण्यासारखे राहतात. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी कट पावसाळा धरून निवडावा. चार महिने रोज ड्रायर फिरवायला लावणारा कट तिथे घेऊच नये.

कुरळ्या केसांसाठी आणखी एक इशारा. ओला कुरळा केस ताणून लांब होतो आणि वाळल्यावर आखडतो. वळण जितकं घट्ट तितका जास्त. खांद्यापर्यंत म्हणून ओल्यावर कापलेले केस वाळून हनुवटीपाशी येणं सहज शक्य आहे. म्हणून कुरळे केस वाळलेले असताना कापणारी व्यक्ती शोधा. तशी मिळाली नाही तर हव्या त्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच खाली थांबायला सांगा आणि उरलेलं वाळल्यावर ठरवा.

पायरी २ : भोवरा कुठे आहे?

फॅशनच्या लेखांत सहसा न येणारा आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कट बिघडवणारा भाग हाच.

डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या जवळ, केस जिथून गोल फिरत उगवतात तो भोवरा. बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. काहींना दोन असतात. दोन भोवऱ्यांची दोन लग्नं होतात असं घरोघरी चिडवतात; लग्नांचं माहीत नाही, पण दोन भोवऱ्यांमधले केस उभे राहतात हे नक्की. घरच्या कुणाला तरी मोबाइलवर डोक्याचा वरून आणि मागून फोटो काढायला सांगा. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू कशी आहे हे आपल्याला जवळजवळ कधीच ठाऊक नसतं.

भोवऱ्यावरचे केस एक तर पुरते बारीक असावेत, म्हणजे सहा मिलिमीटर किंवा कमी, नाही तर स्वतःच्या वजनाने खाली बसतील इतके लांब, म्हणजे पाच सेंटिमीटर तरी. मधली लांबी घातक. दोन-तीन सेंटिमीटरवर कापले की ते ताठ उभे राहतात, आणि मग जेल, पाणी, रात्री डोक्याला रुमाल बांधून झोपणं, सगळं करून होतं. राठ आणि सरळ केसांत हा त्रास जास्त. मुलांना शाळेसाठी "मध्यम" कट करून आणतात आणि शेंडी उभी राहते, त्याचं कारण हेच.

कपाळावरही असा छोटा भोवरा असू शकतो. पुढचे केस एका बाजूला आपोआप उठत असतील तर तो तिथेच आहे. सरळ कपाळभर फ्रिंज, म्हणजे कपाळावर उतरणारे आखूड केस, घेतली तर ती बरोबर त्या जागी फाटते आणि दिवसभर फाटलेलीच राहते. त्यापेक्षा तो ज्या बाजूला नेतोय त्या बाजूचा भांग पाडा, किंवा मधून दुभागून दोन्ही गालांवर उतरणारे कर्टन बँग्ज घ्या. पुरुषांना हाच भोवरा वरदान ठरतो. क्विफ (पुढचे केस वर उचलून मागे वळवणं) करताना केस उभे करायची मेहनत वाचते.

तिसरी जागा मानेवरची. बॉयकट किंवा पिक्सी घ्यायचा विचार असेल तर मानेवरचे केस खाली उगवतात, वर की मधोमध एकत्र येतात, ते बघा. वर उगवणाऱ्या केसांवर मऊ, खाली उतरणारी कडा बसत नाही. तिथे मशीनने बारीक करणं बरं.

पायरी ३ : आता चेहरा

आधी सेल्फी बाजूला ठेवा. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलेलं आहे. अशा फोटोवर चेहऱ्याचा आकार ठरवणाऱ्या ॲपवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. केस हेअरबँडने मागे घ्या, भिंतीला टेकून उभे राहा आणि कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढू द्या.

सहा-सात आकारांच्या तक्त्यात स्वतःला कोंबण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. चेहरा लांबीला जास्त आहे की रुंदीला? सगळ्यात रुंद भाग कुठला : कपाळ, गालाची हाडं की जबडा? आणि जबड्याला कोपरा आहे की तो गोल उतरतो? खरे चेहरे दोन आकारांच्या मधेच कुठेतरी असतात, त्यामुळे "मी हार्ट की डायमंड" यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

कट निवडताना एक गोष्ट मनात धरली की बाकीचं आपसूक सुचतं : केसांची रेषा जिथे संपते, किंवा जिथे केस सर्वांत फुगीर असतात, तिथे बघणाऱ्याची नजर जाते. ती जागा कुठे पडू द्यायची हे आपल्या हातात असतं.

चेहरा रुंद आणि गोल असेल तर केस गालापाशी संपू देऊ नका. हनुवटीवर गोल वळणारा बॉब गालांना आणखी गोल करतो. तोच बॉब दोन इंच खाली, मानेच्या हाडापाशी थांबवला आणि पुढून किंचित लांब ठेवला की चेहरा उतरता दिसतो. भांग मधोमध नको, जरा बाजूला. पुरुषांनी बाजू बारीक आणि वर उंची ठेवावी. दाढी असेल तर गालांवर कमी, हनुवटीवर जास्त. गालभर एकसारखी दाढी ठेवली की सलूनमध्ये केलेली अर्धी मेहनत वाया जाते.

लांबट चेहऱ्याला याच्या बरोबर उलट. वर उंची नको, बाजूंना थोडा भर हवा. हाय फेड (बाजू बऱ्याच वरपासून अगदी बारीक) आणि वर पॉम्पडोर (कपाळावरून उंच उचलून मागे नेलेले केस), म्हणजे लांब चेहरा आणखी ताणणं. कंबरेपर्यंतचे सपाट, सरळ, मधला भांग पाडलेले केसही तेच करतात. गालांपासून सुरू होणारे लेयर्स किंवा भुवयांपर्यंतची फ्रिंज घ्या, चेहऱ्याची उंची लगेच कमी भासते.

जबडा रुंद आणि कोपऱ्याचा असेल तर मला स्वतःला तो झाकायला आवडत नाही. पुरुषांना तर बझ कट, क्रू कट हे अगदी आखूड कट खरे अशाच जबड्यावर खुलतात. बायकांना मऊपणा हवा असेल तर जबड्याच्या रेषेवर धारदार ब्लंट टोक आणू नका. टोकं जबड्याच्या वर किंवा बरीच खाली, लाटांसह सोडा.

कपाळ मोठं आणि हनुवटी निमुळती असेल तर फ्रिंज. आपल्याकडे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे साधना. १९६० सालच्या 'लव्ह इन सिमला'साठी तिचं रुंद कपाळ कॅमेऱ्यात कसं सावरायचं हा प्रश्न दिग्दर्शक आर. के. नय्यर यांच्यापुढे होता. त्यांनी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर उतरणारी झुलपं कापून घ्यायला लावली आणि पुढे देशभरच्या मुली सलूनमध्ये 'साधना कट' मागू लागल्या. फॅशन म्हणून पसरलेला तो कट मुळात एका विशिष्ट कपाळासाठी काढलेला तोडगा होता. आखूड कपाळावर तो कापला की भुवया आणि केस यांच्यामध्ये काही उरतच नाही. आपल्या हवेत आणखी एक अडचण : घामाने फ्रिंज कपाळाला चिकटते. तेलकट त्वचा आणि मुरुमं असतील तर कपाळभर दाट फ्रिंज टाळा, विरळ आणि बाजूला वळणारी घ्या.

अगदी आखूड कट शोभेल का, याचा अंदाज घ्यायला केशरचनाकार एक जुनी युक्ती वापरतात. पेन्सिल हनुवटीखाली आडवी धरा, फूटपट्टी कानाच्या पाळीपासून उभी खाली सोडा. पाळीपासून दोघी जिथे भेटतात तिथपर्यंतचं अंतर सव्वादोन इंचांहून कमी असेल तर आखूड केस सहसा शोभतात, जास्त असेल तर लांब. हा नियम ब्रिटिश केशरचनाकार जॉन फ्रीडा यांच्या नावावर सांगितला जातो. कामचलाऊ आहे, कायदा नव्हे. अडीच इंच आणि झकास पिक्सी असलेल्या पुष्कळ बायका दिसतात.

मान आणि कान विसरू नका. मान आखूड असेल तर खांद्यावर टेकणारी लांबी ती आणखी झाकते, शिवाय खांद्याला लागून टोकं बाहेर वळतात. कान पुढे आलेले असतील तर बाजूंना झिरो मशीन लावण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी ४ : हेल्मेट, चष्मा आणि घरातलं लग्न

पुण्यात दुचाकीवर रोज तासभर जात असेल तर क्विफचा काही उपयोग नाही. हेल्मेट काढताच तो आडवा झालेला असतो. टेक्सचर्ड (टोकं मुद्दाम विस्कटलेली ठेवलेला) क्रॉप किंवा बाजूला भांग पाडलेला फार आखूड साइड-पार्ट हेल्मेटखालूनही जिवंत बाहेर येतो. लांब केसवाल्यांनी लेयर्स इतके वर नेऊ नयेत की वेणीतून बटा सुटून हेल्मेटच्या काचेत येतील.

चष्मा असेल तर तो घालूनच सल्ला घ्या. फ्रिंज फ्रेमच्या वरच्या काठावर टेकत असेल तर डोळे दोन रेषांच्या मधे अडकल्यासारखे दिसतात. जाड काड्यांचा चष्मा आणि कानशिलावर भरघोस केस एकमेकांशी भांडतात. तिथले केस जरा बारीक करायला सांगा.

पुढच्या सहा महिन्यांत घरात लग्न असेल आणि तुम्हाला नऊवारीवर खोपा घालून गजरा माळायचा असेल, तर बॉब आत्ता नको. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, सहा महिन्यांत फार तर तीन इंच. गंगावन लावून अंबाडा भरता येतो, पण गंगावन अडकवायलाही मागे पोनीटेल बांधण्याइतके स्वतःचे केस लागतात.

याच वाढीच्या हिशेबाने खर्चही काढा. फेड दोन-तीन आठवड्यांत धूसर होतो, म्हणजे महिन्याला किमान एक फेरी. फ्रिंज तीन-चार आठवड्यांत डोळ्यांत येते. काटेकोर बॉबला सहा ते आठ आठवडे, लांब लेयर्सना तीन महिने चालतात. वर्षातून दोनदाच सलूनमध्ये जाणाऱ्याने हाय फेड घेणं म्हणजे वर्षातले बहुतेक महिने काहीतरी भलतंच डोक्यावर बाळगणं.

पायरी ५ : बोलायचं कसं

"बारीक करा", "मध्यम ठेवा", "थोडेसेच कापा" या शब्दांचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा. आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य : "दोन इंच." दोन इंच कापायचे की दोन इंच ठेवायचे? क्रियापद तोंडातून स्पष्ट निघू द्या आणि लांबी बोटांनी स्वतःच्या केसांवर दाखवा.

मशीनचे नंबर माहीत असणं बरं. सलूनच्या नेहमीच्या क्लिपरवर एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे सुमारे १०, चार म्हणजे सुमारे १३. घरगुती ट्रिमरच्या कंगव्यावर मात्र बहुधा थेट मिलिमीटर छापलेले असतात, म्हणून "तीन नंबर" म्हणण्यापेक्षा मिलिमीटरमध्ये बोला. टेपर म्हणजे कानाजवळ आणि मानेवर केस हळूहळू कमी होत जाणं. फेडमध्ये ते कातडीपर्यंत किंवा तिच्या जवळ उतरतात, आणि लो, मिड, हाय हे ती उतरण किती वरून सुरू होते ते सांगतात. पहिल्यांदाच करत असाल तर लो घ्या. लोचा हाय पाच मिनिटांत होतो, हायचा लो व्हायला दोन महिने लागतात.

पुरुषाने सांगायचं ते साधारण असं :

"दादा, बाजूला आणि मागे सहा मिलिमीटर, खाली हळूहळू कमी करत या. वर चार बोटं ठेवा, कात्रीनेच. भोवऱ्यापाशी जास्त घेऊ नका. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, आणि मानेवर चौकोनी रेघ नको."

आणि बाईने :

"ताई, लांबी मानेच्या हाडापर्यंत ठेवा. सगळ्यात छोटा लेयर हनुवटीच्या खालून सुरू करा. पोनीटेल बांधता आली पाहिजे. मी ड्रायर वापरत नाही."

शेवटचं वाक्य फार मोलाचं. ब्रिटिश केशरचनाकार विडाल ससून यांनी १९६० च्या दशकात लंडनमध्ये भूमितीसारखे काटेकोर बॉब कापून नाव कमावलं. धुऊन झटकले की केस आपोआप जागेवर पडले पाहिजेत, हे त्या कटांचं खरं वैशिष्ट्य होतं. दर आठवड्याला केस बसवून घेण्याच्या खुर्चीतून बायकांची सुटका झाली ती त्यामुळे. आजही चांगल्या कटाची हीच कसोटी धरा आणि विचारा, "हा कट नुसता धुऊन वाळवला तर कसा दिसेल?" उत्तर देताना समोरची व्यक्ती स्मूदनिंगच्या (केस रसायनाने सरळ, गुळगुळीत करण्याच्या) पॅकेजकडे वळली तर समजा, तो कट तुमच्या केसांसाठी नाही.

फोटो जरूर दाखवा, पण दोन-तीन दाखवा, आणि त्यातला माणूस तुमच्यासारख्याच केसांचा असू द्या. नको असलेल्या कटाचाही एक फोटो ठेवा. "असं अजिबात नको" हे हवंय त्यापेक्षा लवकर कळतं.

रविवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा बाकावर सहा जण थांबलेले असतात आणि तुमच्या भोवऱ्यावर चर्चा करायला कुणाला वेळ नसतो. आपल्याकडे पुष्कळ गावांत सोमवारी केशकर्तनालयं बंद असतात. मंगळवारी किंवा शनिवारी बरेच लोक केस कापत नाहीत, त्यामुळे तुम्हाला चालत असेल तर ते दिवस निवांत.

पायरी ६ : खुर्चीत

आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, भांग नेहमीचाच पाडून जा. बसल्यावर पाय एकावर एक टाकू नका. त्याने एक खांदा खाली जातो आणि केसांची रेषा तिरकी कापली जाते. मोबाइल पिशवीत ठेवा, मान वाकली की मागची लांबी चुकते.

दातेरी थिनिंग कात्री बाहेर आली की लक्ष द्या. दाट, राठ, सरळ केसांचं ओझं कमी करायला ती चांगली. बारीक केसांवर ती टोकं विरळ करते. कुरळ्या केसांवर तिने मधूनच कापलेले छोटे केस महिनाभरात वाढून बाकीच्यांना वर ढकलतात, आणि फुगारा कमी करायला गेलेली व्यक्ती फुगारा वाढवून येते. नको असेल तर तसं आधीच सांगा.

मानेवर आणि कल्ल्यांवर वस्तरा लागणार असेल तर ब्लेड तुमच्यासमोर नवं काढायला लावा. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत, यात भिडेला जागा नाही. आणि चंपीच्या शेवटी मान कडकन मोडून देण्याची जी प्रथा आहे, तिला हात जोडून नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते.

मागचा आरसा दाखवतात तेव्हा मान डोलावून उठण्याची आपल्याला सवय. नीट बघा, हाताने केस विस्कटा, मग बघा. काही खटकत असेल तर तिथल्या तिथे सांगा. पुन्हा थोडं कापणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी मत बनवू नका. सलूनमधून येताना केस त्यांच्या हाताने बसवलेले असतात. दोन वेळा स्वतः धुऊन वाळवल्यावर खरा कट दिसतो. एखादी बाजू लांब राहिली असेल तर आठवड्याच्या आत परत जा. बहुतेक ठिकाणी तेवढं दुरुस्त करून देतात.

लावायच्या गोष्टी कमीत कमी ठेवा. बारीक केसांना हलका मूस, आखूड टेक्सचर्ड कटांना मॅट क्ले वाटाण्याएवढी, कुरळ्यांना ओल्या केसांवरच लीव्ह-इन क्रीम. खोबरेल तेल धुण्याच्या आधी लावलं तर ते केसाच्या आत शिरून प्रथिनाची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. धुतल्यानंतर लावलं तर नवे लेयर्स एकत्र चिकटतात. आजीचं तेल चालू ठेवा, फक्त वेळ बदला.

आणि कट अजिबात आवडला नाही तर? रागाने आणखी आखूड करू नका. वाढवताना मानेवरचे केस पुढच्यांपेक्षा आधी लांब दिसायला लागतात आणि मलेट तयार होतो, म्हणून दर सहा आठवड्यांनी फक्त मागची कडा कापून घ्या, वरचे आणि पुढचे केस वाढू द्या. बॉयकटपासून हनुवटीपर्यंत पोचायला साधारण वर्ष जातं, खांद्यापर्यंत दोन. मधल्या काळात भांगाची बाजू बदलून बघा, हेअरबँड आणि चिमटे वापरा. फ्रिंज वाढवायची असेल तर ती एकदम मागे ओढून पिना लावण्यापेक्षा मधून दुभागा आणि कडेचे केस तिरके कापून घ्या. तीन-चार महिन्यांत ती बाजूच्या लेयर्समध्ये मिसळते.